सुगरण पक्षी काय शिजवतो? मराठी कोशकारांना खुले पत्र

प्रति,
मराठी शब्दकोशांचे संपादक आणि शालेय पाठ्यपुस्तकांत धड्याखाली शब्दार्थ देणारी सर्व मंडळी यांस,

विषय : 'सुगरण' या शब्दाच्या नोंदीबाबत

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी 31 वर्षे शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सहावीच्या वर्गात पक्ष्यांवरचा पाठ चालू होता आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारले, "बाई, सुगरण पक्षी काय शिजवतो?" वर्ग हसला, मीही हसले, आणि 'शिजवत काही नाही रे, घरटे सुंदर विणतो, म्हणून त्याला सुगरण म्हणतात' असे सांगून पुढे गेले. मुलगा मात्र बसला नाही. त्याच्या हातात दप्तरात मावणारा छोटा शब्दकोश होता आणि त्यात त्याने 'सुगरण'चा अर्थ काढून ठेवला होता : उत्तम स्वयंपाक करणारी स्त्री. एवढाच, त्यापुढे काही नाही. "मग हे चुकलंय का, बाई?" असे त्याने विचारले तेव्हा तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटले.

खरे म्हणजे मी सुटले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते आपल्यापुढे मांडावे आणि त्या अनुषंगाने एक विनंती करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, अशा नोंदी कुणा एका कोशापुरत्या नसतात. एका कोशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाठ्यपुस्तकात आणि तिथून मुलांच्या वहीत त्या जशाच्या तशा उतरत जातात. त्यामुळे दोष कुणा एकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मी स्वतः तीन दशके वर्गात हाच अर्थ सांगत आले.

प्रथम शब्दाच्या घडणीविषयी. 'सुगरण' म्हणजे मुळातली 'सुगृहिणी'. संस्कृतातल्या 'गृह'चे प्राकृतात 'घर' झाले आणि 'गृहिणी'ची 'घरिणी' झाली. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात यासाठी एक सूत्रच दिले आहे : 'गृह' शब्दाचे 'घर' होते, मात्र पुढे 'पति' शब्द आल्यास होत नाही. (गृहपतीचा 'गहवइ' होतो. पुढे पती उभा राहिला की घराचे घरपण जाते, असा याचा अर्थ काढून शिक्षकखोलीत आम्ही बरेच हसलो होतो. व्याकरणकाराच्या मनात तसे काही नव्हते, हे सांगणे नलगे.) तेव्हा 'सुगृहिणी'ची 'सुघरिणी', आणि मराठीत येता येता तिच्यातल्या 'घ'चा श्वास ओसरून 'सुगरीण' आणि 'सुगरण'. हा 'घ'चा 'ग' कुठून आला असे कुणी विचारील, तर त्याने संक्रांतीच्या वाणाकडे पाहावे. ज्या मातीच्या बोळक्यांत आपण ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे घालून पुजतो, ते 'सुगड' म्हणजे 'सुघट'च. तिथेही 'सु'च्या पाठीमागचा 'घ' असाच मऊ झाला. शब्दाच्या शेवटची 'ण' ही 'गृहिणी'तलीच असल्यामुळे विभक्ती लावताना ती आपले मूळ रूप अजून दाखवते : सुगरणीने, सुगरणीचा.

या व्युत्पत्तीत नवे असे काही नाही आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती माझ्यापेक्षा जास्त बारकाव्यानिशी ठाऊक असेल. माझे म्हणणे पुढचे आहे. 'सुगृहिणी' या शब्दात 'रांधणे' कुठेही नाही. त्यात 'घर' आहे, आणि ते नीट चालवणारी बाई आहे. मग 'उत्तम स्वयंपाक करणारी स्त्री' हा एकच अर्थ कोशात कसा काय उरला?

'गृहिणी' हे जुन्या काळी नुसते नाते नव्हते, ते एक पद होते. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात कण्व मुनी सासरी निघालेल्या मुलीला उपदेश करतात, तेव्हा अशा वागण्याने तरुण स्त्रिया 'गृहिणीपदा'ला पोचतात असे म्हणतात. त्यांनी योजलेला शब्द 'पद' हाच आहे. 'रघुवंशा'त इंदुमतीसाठी शोक करणारा अज राजा तिला गृहिणी, सचिव आणि सखी एका दमात म्हणतो, आणि ललित कलांमधली आपली लाडकी शिष्याही म्हणतो. यातला 'सचिव' लक्षात घ्यावा. वात्स्यायनाच्या ग्रंथाचे नाव काढले की भुवया उंचावतात, पण त्यातल्या भार्येविषयीच्या अधिकरणात शृंगारापेक्षा हिशेबच अधिक आहे. वर्षाची प्राप्ती मोजून त्या मानाने खर्च करावा, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. शिवाय परसात भाजीपाला लावणे, बियाणे वेळेवर राखणे आणि पेरणे, सूत कातणे, नोकरांचे वेतन, गुरांची देखभाल ही सगळी कामे तिच्याकडे सोपवलेली दिसतात. आजच्या भाषेत सांगायचे तर अंदाजपत्रक, भांडार आणि आस्थापना असे तीन विभाग एकाच बाईकडे होते. स्वयंपाक होताच, पण तो अनेक कामांपैकी एक होता.

स्वयंपाकाशी या शब्दाचे जुने नाते नाही, असा दावा मी करत नाही. तो खोटा ठरेल. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे ज्या माहाराष्ट्री प्राकृताचा आपण मराठीची आजी म्हणून अभिमान बाळगतो त्या भाषेत, पहिल्याच शंभर गाथांमध्ये एक 'घरिणी' भेटते. मुदपाकखान्यात काम करताना तिचा हात काजळीने माखला आहे, तोच हात चुकून गालाला लागला आहे, आणि आता हिचे तोंड डाग असलेल्या चंद्रासारखे दिसू लागले म्हणून नवरा हसतो आहे. चूल तिथे आहेच. पण त्याच संग्रहात पुढे आणखी एक घरिणी आहे, आणि माझ्या मते खरी सुगरण ती. घर दरिद्री आहे, तिला दिवस गेले आहेत, आणि नवरा तिला डोहाळे विचारतो आहे : काय खावेसे वाटते? मागितलेले त्याला आणता येणार नाही आणि तो कासावीस होईल, हे ओळखून ती पुन्हा पुन्हा एकच उत्तर देते : पाणी. ही गाथा मी वर्गात शिकवत असे तेव्हा मुली गप्प होत. या घरिणीने काहीही रांधलेले नाही. घरात काय आहे, काय नाही आणि कुणाला किती झेपेल, याचा अचूक अंदाज तिला आहे.

आता तो पक्षी.

मुलाच्या प्रश्नात एक पुरावा दडलेला होता आणि तो मला फार उशिरा दिसला. ज्या कुणी मराठी माणसांनी, बहुधा शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनीच, विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारी ती घरटी पाहून त्या पाखराला 'सुगरण' म्हटले, त्यांच्या मनात स्वयंपाक असणे शक्यच नव्हते. त्यांना दिसले ते विणकाम, जागेची निवड, साप आणि वारा यांपासून केलेला बंदोबस्त, आणि चिखलाचे गोळे लावलेली आतली बाजू. म्हणजे हे नाव ठेवले गेले तेव्हा 'सुगरण' या शब्दाचा अर्थ 'कौशल्याने घर उभे करणारी' एवढा मोठा होता, आणि तो बोलीत इतका रुळलेला होता की एका पाखराला सहज देता आला. कागदावरचा कुठलाही दाखला सापडला नाही, तरी हा पक्षी म्हणजे झाडाला टांगलेला दाखलाच आहे. कोशकाराने तो मानावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

या दाखल्यात एक गंमतही आहे आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घरटे विणतो तो नर. विणीच्या हंगामात डोक्यावर पिवळा टोप चढलेले नर गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडून लांब धांदोटी ओढून काढतात आणि एका घरट्यासाठी 500 पर्यंत खेपा करतात. घरटे निम्मे झाले, म्हणजे शिरस्त्राणासारखे दिसू लागले, की नर त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून पाहते आणि पसंत पडले तरच राहते. मग तो प्रवेशाची नळी विणून काम पुरे करतो. आतली शेवटची सजावट पुष्कळदा मादी करते. सगळे मिळून सुमारे 18 दिवसांचे काम. सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला या पाखरांची वसाहत जवळून पाहिली आणि मादी अंडी उबवायला बसली की नर पुढच्या घरट्याच्या आणि पुढच्या मादीच्या मागे लागतो, हे नोंदवून ठेवले. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींच्या ज्या कवितेमुळे हे पाखरू प्रत्येक मराठी मुलाच्या तोंडी आहे, तिच्यात घरटे आई बांधते. कवितेला तो अधिकार आहे. जिने शाळेचे तोंड पाहिले नाही आणि जात्यावर बसून अशी ओळ रचली, तिच्या शब्दाला पक्षिशास्त्राचा चाप लावायला मी निघालेले नाही. मात्र कोशाला तो अधिकार नाही. 'पिलांसाठी सुंदर घरटे बांधणारी पक्षीण' असा अर्थ कोशात द्यायचा असेल, तर विणकाम नराचे असते हे पुढे एका ओळीत यायला हवे.

मला या गोंधळात एक वेगळेच सत्य दिसते. गावकऱ्यांना विणणारा नर आहे की मादी, हे कदाचित ठाऊक नसेल. पण इतके नेटके घर पाहिल्यावर त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो स्त्रीलिंगी निघाला. कसबाचे नाव बाईचे होते. आणि नंतर त्याच शब्दाला आपण ओट्याशी नेऊन उभे केले.

हे कसे झाले असेल, ते मी माझ्या घरातच पाहिलेले आहे. आमचे मूळ गाव मंगळवेढ्याच्या बाजूचे, जोंधळ्याचा मुलूख. घरात दोन काकू. धाकट्या काकूच्या हाताला चव होती. पुरणात उलथने न कलंडता उभे राहीपर्यंत ती चुलीपासून हलत नसे, आणि तिची शेंगापोळी खाल्लेला पाहुणा पुढच्या वर्षी काही ना काही निमित्त काढून पुन्हा येई. तिला सगळे गाव सुगरण म्हणे आणि ते योग्यच होते. थोरल्या काकूची भाकरी मात्र कडेला जाड, आमटीत मीठ असेल तर नशीब. तिला कुणी कधी सुगरण म्हटल्याचे मला आठवत नाही. पण घरातल्या धान्याच्या दोन्ही पेवांचा, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचा, हिशेब तिच्या डोक्यात असे : कुठले कधी भरले, कुठल्यातले किती पायल्या निघाले, किती वाटेकऱ्याला गेले. पेव उघडायचे झाले की झाकण काढून ती अर्धा दिवस कुणाला जवळ फिरकू देत नसे. मग दोरीला कंदील बांधून हळूहळू आत सोडायची आणि ज्योत तेवत राहते की मिटते, हे वाकून पाहायची. ज्योत मिटली की गडी कितीही घाईत असो, त्याला आत उतरायची परवानगी नसे. पेवातली कोंडलेली हवा माणूस मारते, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. दुधीभोपळ्याच्या आणि दोडक्याच्या बिया ती शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीला थापून ठेवी, म्हणजे किडीला वाव मिळत नसे.

1972 चा दुष्काळ आला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. रेशनवर लाल मिलो मिळू लागला, शाळेत सुकडी वाटली जाऊ लागली, आणि गावातल्या घरोघरच्या बाया-माणसे खडी फोडायला जाऊ लागली. आमच्याही घरातले दोघे गेले. पण थोरल्या काकूने दोन वर्षे आधीपासूनच एका पेवाला हात लावू दिला नव्हता आणि बियाण्याचे जोंधळे तर घरच्या उपासातही काढू दिले नाहीत. त्यावरून घरात भांडणे झाली. ती मी कानांनी ऐकली आहेत. पुढच्या वर्षी पाऊस पडला तेव्हा आमच्या आळीतल्या पाच घरांनी तिच्याकडून बियाणे नेले. तरीही सुगरण म्हणायची ती धाकटीलाच. थोरलीला लोक 'खमकी' म्हणत. कधी कधी 'कंजूष'सुद्धा.

'सुगृहिणी' या शब्दाचा जुना अर्थ डोळ्यांसमोर ठेवला, तर त्या घरातली पहिली सुगरण कोण होती, हे मी आपल्याला सांगायला नको. तिच्यासाठी शब्द होता, पण तो तोवर स्वयंपाकघरात अडकला होता.

स्त्रियांच्या कसबाला नाव देताना आपली भाषा अशी अडखळते, हे एका शब्दापुरते नाही. 'कलावंत' म्हटले की माणूस आदराने उठून बसतो. त्यालाच 'ईण' प्रत्यय लावून 'कलावंतीण' करा, की तोच माणूस आवाज खाली आणतो. दोन्हींचा शब्दार्थ एकच, प्रतिष्ठेत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्या गाण्यापुढे मान तुकवायची वेळ आली तेव्हा हा सरळ शब्द वापरण्याजोगा उरलेला नव्हता. म्हणून 'सूरश्री', 'गानतपस्विनी' अशा नव्या पदव्या शोधाव्या लागल्या. आपला 'ईण' प्रत्यय एरवीही बाईला नवऱ्याच्या मागे उभा करतो : पाटलीण ही पाटलाची बायको, सुतारीण ही सुताराची. स्वतः शिकवणारी मास्तरीण आणि मास्तरांची मास्तरीण यांत शब्द फरक करत नाही. संस्कृत व्याकरणाने निदान 'आचार्या' म्हणजे स्वतः शिकवणारी आणि 'आचार्यानी' म्हणजे आचार्याची पत्नी, असा भेद राखला होता. या पार्श्वभूमीवर 'सुगरण' हा शब्द किती मोलाचा आहे, ते पाहावे. तो कुणा 'सुगरा'ची बायको नाही. त्याला मूळचे पुल्लिंगी रूपच नाही. स्त्रीच्या स्वतःच्या कौशल्यावर उभा असलेला, देशी वळणाचा, कुणालाही न लाजता वापरता येण्याजोगा असा हा शब्द आहे.

आणि त्याच्या जोडीला पुरुष स्वयंपाक्याला आपण काय म्हणतो, तेही पाहावे. विराटाच्या घरी भीम 'बल्लव' या नावाने राहिला, म्हणून चांगले रांधणारा पुरुष आपल्याकडे 'बल्लवाचार्य' होतो. चवदार पाकाला 'नलपाक' म्हणतात, तोही नल राजाचा. पुरुषाने पातेल्यात डाव फिरवला की तो आचार्य. बाईने आयुष्यभर फिरवला की ती सुगरण, आणि सुगरण म्हणजे स्वयंपाक करणारी! माझा आक्षेप स्वयंपाकाच्या कौतुकाला नाही. धाकट्या काकूच्या पुरणाला कमी लेखणाऱ्याशी मी बोलणारही नाही.

अलीकडे एक उदाहरण घडले, तेव्हा ही उणीव मला पुन्हा जाणवली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे जतन केली, त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, आणि आपण सर्वांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले. शब्द गोड आहे, कौतुकाचा आहे. तरी माझ्या मनात आले की कसबी बाईला आपण चटकन आई करतो, कारण कसबी बाईसाठीचा नेमका शब्द आपण हरवून बसलो आहोत. बियाणे निवडणे, वाळवणे, राखेत घोळून ठेवणे, कुठले कधी पेरायचे ते लक्षात ठेवणे ही जुन्या अर्थाने सुगरणीची कामे. वात्स्यायनाच्या यादीत ती आहेत, आणि आमच्या भिंतीवरच्या शेणाच्या गोळ्यातही होती.

इथे आपल्यापैकी काही जण, विशेषतः तरुण संपादक, विचारतील की ज्या शब्दाच्या पोटातच 'घर' आहे, तो बाईला पुन्हा घरातच कोंडणार नाही का? हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याचे पुरते समाधान माझ्याजवळ नाही. 'मुलगी सुगरण आहे' हे वाक्य किती स्थळांच्या चिठ्ठ्यांतून, किती मुलींच्या शिक्षणाच्या आड आले असेल, याची कल्पना मला शिक्षिका म्हणून चांगली आहे. तरी मी शब्द टाकून द्यायच्या बाजूची नाही. घर चालवणे हे काम आहे, कसब आहे, हे मान्य करणारा हा शब्द आहे. आणि आपल्याकडे तेवढेही सहज मान्य होत नाही. जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री 'काम न करणाऱ्यां'च्या सदरात जाते, आणि त्याच सदरात भिकारी व कैदीही येतात, यावर 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघातभरपाईच्या निकालात कडक ताशेरे ओढले होते. ज्या कामाला सरकारी तक्त्यात रकाना नाही, त्याला भाषेत निदान एक शब्द आहे. त्याचा अर्थ आपण आणखी आखूड करू नये, इतकेच मागणे आहे. शिवाय शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ शकतात. सुगरण पक्षी तर केव्हाच बाहेर जाऊन झाडावर बसला आहे.

तेव्हा विनंती अशी की, 'सुगरण' या नोंदीत 'सुगृहिणी' ही व्युत्पत्ती मधल्या 'घरिणी'सह द्यावी. शालेय कोशात जागा कमी असते हे मी जाणते, पण एवढ्याला एक ओळ पुरते. अर्थ देताना 'घरव्यवस्थेत किंवा कोणत्याही कामात कुशल, नेटकी स्त्री' हा पहिला ठेवावा आणि 'विशेषतः उत्तम स्वयंपाक करणारी' हा त्याच्या पाठोपाठ यावा. आज बोलण्यात दुसराच अर्थ जास्त चालतो म्हणून तोच आधी हवा, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही; पहिला अर्थ गाळू नये, एवढाच माझा आग्रह आहे. पक्ष्याची नोंद स्वतंत्र असावी आणि त्याचे नाव घराच्या कौशल्यावरून आले आहे, हे तिथे सांगावे, म्हणजे पुढचा मुलगा वर्गात तो प्रश्न विचारील तेव्हा त्याच्या बाईंची पंचाईत होणार नाही. पुरुषांविषयी 'तो अगदी सुगरण आहे' असे हल्ली थट्टेने आणि कधी खऱ्या कौतुकानेही म्हटले जाते, तोही प्रयोग नोंदवायला हरकत नाही. 'सुगरणा'सारखे रूप मात्र कुणी घडवू नये, ते कानाला बोचते.

1932 ते 1938 या काळात दाते-कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड उभे केले, ते खेडोपाडीच्या लोकांकडून शब्द मागवून, पदरमोड करून आणि वर्गणीदार जमवून. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठी पुरावा म्हणून आपण पुढे केलेल्या ग्रंथांत 'गाथासप्तशती' अग्रभागी होती. ज्या ग्रंथाने दर्जा मिळवून दिला, त्यातल्या घरिणीला आपल्या कोशात आपली नात ओळखता यावी, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

नोंदीला वाक्याचा दाखला लागतो. छापील साहित्यातला सापडला तर उत्तमच. नाही सापडला, तर माझ्याकडचे एक वाक्य विनामूल्य घ्यावे : "थोरल्या काकूला भाकरी धड येत नसे, पण ती सुगरण होती, दुष्काळ सरला तेव्हा साऱ्या आळीला बियाणे तिच्याच पेवातून मिळाले."

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका